गावात राहून अभिनयाची तयारी कशी करावी

अभिनय करायचा तर आधी मुंबई गाठली पाहिजे, ही समजूत विदर्भातील खेड्यापाड्यांत अजूनही घट्ट आहे, आणि तिच्यापायी अनेक गुणी मुले-मुली पुरेशी तयारी नसताना शहरात जाऊन खचून परततात. माझे स्पष्ट मत असे की पायाभूत तयारी गावातच करावी, कारण निवड चाचणीत टिकणारा आत्मविश्वास आवाज, पाठांतर आणि प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची सवय यांतून येतो, आणि या तिन्ही गोष्टींसाठी घर सोडावे लागत नाही.

पूर्व विदर्भातील मुलांच्या तर दाराशीच रंगभूमी आहे. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, आणि एकेक प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतो. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या व्यवसायाचे केंद्र आहे. हंगामाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी तेथील नाट्यसंस्थांकडे जाऊन लहानशी भूमिका मागावी, आणि ती न मिळाल्यास पडद्यामागचे काम मागावे. प्रॉम्प्टरच्या, म्हणजे आडोशाने नटांना संवाद सुचवणाऱ्याच्या, शेजारी बसून एक संपूर्ण प्रयोग पाहणे हे मोठे शिक्षण आहे. वाक्य विसरलेला नट चेहऱ्यावर काहीही न दाखवता वेळ कसा काढतो, हशा ओसरेपर्यंत पुढचा संवाद कसा रोखून धरतो आणि प्रेक्षक चुळबुळ करू लागले की आवाजाची पट्टी कशी बदलतो, हे तेथून जितके स्वच्छ दिसते तितके समोर बसून दिसत नाही. वऱ्हाडातील मुलांनी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी जवळपासची हौशी मंडळे शोधावीत.

आवाजासाठी रोज सकाळचा थोडा वेळ पुरतो. आधी ओठ मिटून गुणगुणावे, मग मित्राला शेताच्या एका धुऱ्यावर (बांधावर) उभे करून दुसऱ्या धुऱ्यावरून त्याला एखादा उतारा वाचून दाखवावा. त्याला शब्द न् शब्द कळला पाहिजे, परंतु आपण किंचाळता कामा नये. घसा दुखू लागला तर जोर घशावर पडतो आहे असे समजून थांबावे आणि पोटावर हात ठेवून श्वास खाली उतरतो की नाही ते पाहावे.

भाषेविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपली मुले सर्वाधिक तेथेच बुजतात. ‘पाणी’चे ‘पानी’ किंवा ‘डोळे’चे ‘डोये’ झाले की कोणीतरी हसते, आणि त्यानंतर ते मूल तोंडच उघडत नाही. बोलीची लाज मुळीच बाळगू नये. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणारे पात्र त्या बोलीत वाढलेल्या नटाइतके खरे इतरांना क्वचितच जमते. मात्र प्रमाण मराठीही तितकीच सहज आली पाहिजे. त्यासाठी दहा ओळींचा उतारा घ्यावा, त्यातील प्रत्येक ‘ण’ आणि ‘ळ’खाली पेन्सिलीने रेघ ओढावी, तो सावकाश वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, ऐकताना चुका खुणाव्यात आणि पुन्हा वाचावा. नंतर तोच मजकूर आपल्या बोलीत म्हणावा. दोन्ही रूपे जिभेवर बसली की कोणती भाषा मागतील याची धास्ती उरत नाही.

हल्ली पहिली चाचणी बरेचदा घरून पाठवलेल्या व्हिडिओवर होते. वेगळी सूचना नसल्यास मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. स्टँड नसेल तर विटांची थप्पी चालते. मागे साधी भिंत असावी, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडावा आणि पंखा बंद असावा. समोरच्या पात्राची वाक्ये वाचणाऱ्याला कॅमेऱ्याला लागूनच, चौकटीबाहेर बसवावे, म्हणजे नजर भरकटत नाही. प्रत्यक्ष चाचणीला गेल्यावर ‘मी खेड्यातून आलो आहे, सांभाळून घ्या’ असे कधीही म्हणू नये. वाक्य चुकल्यास क्षणभर थांबून ‘पुन्हा सुरुवात करू का?’ एवढेच विचारावे.

पुढे रीतसर शिक्षण घ्यायचे असेल तर पदवी अर्धवट सोडू नये. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून तेथे पदवीबरोबर रंगभूमीचा अनुभवही पाहिला जातो. म्हणून प्रत्येक नाटकाची जाहिरात, छायाचित्र आणि प्रमाणपत्र पहिल्यापासून जपून ठेवावे. पुण्याचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी यांचाही विचार करावा.

भूमिका देतो म्हणून नोंदणी, फोटो किंवा कार्ड यांच्या नावाखाली पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, कारण काम देणारा नटाला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. मानधन किती, ते कधी मिळणार आणि प्रवास व मुक्कामाचा खर्च कोणाकडे, हे होकार देण्यापूर्वी विचारून कागदावर, निदान मोबाइलवरील संदेशात तरी, लिहून घ्यावे. मुलींनी मुक्कामाची व्यवस्था आणि सोबत कोण असेल हेही आधीच विचारावे आणि घरी कळवावे.