थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा यांत अंतर कसं ठेवावं

माझी आई कित्येक महिने थायरॉइडची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेत होती. एकही दिवस चुकवला नाही, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) वाढलेलाच. डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला. मग एकदा त्यांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" तेव्हा उलगडा झाला.

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, रिकाम्या पोटीच नीट शोषलं जातं. दूध, चहा-कॉफी, सोयाबीन सोबत गेलं की औषध रक्तात कमी पोचतं. आमच्या घरी आता असं चालतं:

१. रात्रीच गोळ्यांची पट्टी आणि पाण्याचं तांब्या-भांडं उशाशी ठेवा. पट्टी ओट्यावर नको, गॅसची धग लागते.

२. उठल्यावर गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि घड्याळ बघा. पुढचा अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी चालेल. आई तेवढ्यात आंघोळ आणि देवपूजा उरकते, मगच चहाचं आधण ठेवते. चहा सोडावा लागला नाही, याचा तिला फार आनंद आहे.

३. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीचं अँटासिड यांत ४ तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम आणि लोहसुद्धा एकत्र घेऊ नका. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. लिंबूपाण्याबरोबर ती चांगली लागू पडते.

४. सकाळी जमतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री घ्या, जेवणानंतर ३ तासांनी.

५. वेळ बदलल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. ही पायरी गाळू नका. गोळी नीट शोषली जाऊ लागली की वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हात थरथरणं जाणवलं तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

खाण्यापिण्याशी संबंध इतर गोळ्यांचाही असतो. घरात कुणी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेत असेल, तर पालक-मेथी बंद करायची गरज नाही, पण प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं हवं. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून अचानक रोज भाजी केली, तर त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा असर कमी होतो.

आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल, तर कमी सोडियमचं मीठ आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि या गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं.