पाण्याची गुळगुळीत धार फुटते कशी: टाकीत बघण्याची रीत

काचेची टाकी गाळलेल्या पाण्याने भरा आणि तासभर हलवू नका. धार बिघडण्याचं पहिलं कारण टाकीतलं आधीचं वळवळतं पाणीच असतं. खाण्याचा रंग त्याच टाकीच्या पाण्यात कालवा, तापमान एकच हवं. अर्धा-एक अंशाचा फरकसुद्धा संथ धार वर किंवा खाली वाकवतो.

२ मिमी आतल्या व्यासाची, किमान १० सेमी सरळ नळी टाकीत बुडवा. टोकाची खरबरीत कड कानसून काढा. एक बारीक काटा राहिला तरी धार एका बाजूने आधी डळमळते. रंग उंचावरच्या बाटलीतून चिमट्याने नियंत्रित करून सोडा. पंप नको, त्याची थरथर धारेत उतरते.

मिनिटाला २० मिली सोडलं तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाचा जोर पाण्याच्या चिकटपणापेक्षा किती मोठा हे सांगणारा आकडा, साधारण २१० येतो (वेग गुणिले व्यास, भागिले गतिक श्यानता; ती म्हणजे चिकटपणा भागिले घनता). धार बरीच लांब दोऱ्यासारखी जाते, मग सापासारखी नागमोडी होते. ६० मिलीला अंक ६४० च्या आसपास, आणि दोरा बराच आधी तुटतो. १८० मिलीला जवळपास १९००: तोंडाजवळच धूर उठल्यासारखं दिसतं.

खरी गंमत मधल्या टप्प्यात. वेगवान धार आणि स्थिर पाणी यांच्या सीमेवरचा छोटा उंचवटा स्वतःच वाढतो, वळतो, गुंडाळी बनतो. शेजारच्या गुंडाळ्या एकमेकींत मिसळतात, मग फाटतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये, मागे पांढरा कागद लावून टिपा.