अमेरिकन कॉलेजची ऑफर आली तर
सोलापुरात पोरांना बास्केटबॉल शिकवता शिकवता केस पिकले. हल्ली पार्क चौकात चहा घेताना पालकांचा एकच प्रश्न : "सर, तिकडं कॉलेजातच पैसे मिळतात म्हणे?"

मिळतात. १ जुलै २०२१ पासून तिथले खेळाडू जाहिराती करू शकतात; २०२५-२६ पासून तर याबाबतच्या कोर्टातल्या तडजोडीत सामील झालेलं कॉलेज स्वतःच खेळाडूंत पैसे वाटू शकतं; त्या वर्षी मर्यादा होती साधारण २ कोटी ५ लाख डॉलर.

म्हणून आधी स्कॉलरशिप किती आणि वरचे पैसे किती, हे वेगवेगळं लिहून मागा. चादर घेताना आपण उलटी करून वीण बघतो, तसा करार बघा. मध्येच संघ सोडला तर पैसे परत, असं कलम आहे का?

खरी गोम व्हिसात. आपलं पोर जाणार एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, त्यात कामावर कडक बंधनं. तिथं राहून जाहिरातीचं शूटिंग केलं तर व्हिसाच धोक्यात. सहीआधी इमिग्रेशन वकील गाठा, एजंट नव्हे. (एजंटला कमिशन दिसतं.)

शिवाय कोच हल्ली दुसऱ्या कॉलेजातला तयार खेळाडू उचलतात, कारण बदलीनंतर त्याला वर्षभर न खेळता बसावं लागत नाही. तुमच्या पोराच्या जागेवर किती जण आहेत, तेही स्पष्ट विचारा.