चपटे स्पीकर आणायला निघण्याआधी

इंदूरच्या मराठी घरात हॉलमध्ये स्पीकर बसवायचे म्हणजे शोकेस, दिवाण, टीव्ही आणि देवघराचं दार या सगळ्यांशी तह करावा लागतो. ‘ते काळे डबे हॉलमध्ये नकोत’ असं फर्मान बहुतेक घरांत निघालेलंच असतं, त्यामुळे भिंतीला चिकटणाऱ्या पातळ स्पीकरकडे लोक वळतात. खुशाल वळा, पण दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि सगळ्यात वर लिहा: खर्ज कुठून येणार?

पातळ स्पीकरमधून तो येत नाही. खालचा सूर काढायला भरपूर हवा ढकलावी लागते, आणि दोन-तीन इंच खोलीच्या पेटीतल्या तीन इंची पडद्याला, म्हणजे आत-बाहेर हलणाऱ्या गोल चकतीला, ते झेपत नाही. असे स्पीकर साधारण १२० ते १५० हर्ट्झच्या खाली हात टेकतात (हर्ट्झ हे सुराच्या उंचीचं माप, आकडा जितका लहान तितका सूर खालचा). काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. तबल्यातल्या बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारही त्याच खालच्या मजल्यावरचा. आता अमीर खाँसाहेबांच्या गावात राहायचं आणि मंद्र सप्तक गाळून गाणं ऐकायचं, हे काही बरं दिसत नाही. म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर काढणारा वेगळा स्पीकर, यादीत शेवटी नाही, पहिल्यांदा लिहायचा. बजेट पंचवीस हजारांचं असेल तर त्यातला तिसरा हिस्सा त्याच्या नावाने बाजूला काढा आणि उरलेल्यात भिंतीवरचे दोन स्पीकर, अँप्लिफायर आणि वायर बसवा. पाच-सात स्पीकरचा सेट या पैशांत मिळतो, दुकानदार तो पुढेही करेल, पण माझं मत विचाराल तर दोन बरे स्पीकर आणि एक सबवूफर यापलीकडे जाऊ नका.

सबवूफर कुठे लपवता येईल हे भिंतीवरचे स्पीकर किती पातळ आहेत त्यावर ठरतं, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबू. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही, त्यामुळे तेवढंच काम सबवूफरकडे असेल तर तो दिवाणाच्या कडेला, पडद्याआड, कुठेही चालतो. पण स्पीकर फारच पातळ असला की मधली जबाबदारीही सबवूफरवर येते. तो १५० हर्ट्झपर्यंत वाजायला लागला की गायकाचा अर्धा आवाज टीव्हीतून आणि अर्धा दिवाणामागून येतोय असं जाणवतं. मग त्याला टीव्हीजवळच ठेवावं लागतं आणि लपवालपवीचा बेत फसतो. तेव्हा माहितीपत्रकात स्पीकर खाली किती हर्ट्झपर्यंत जातो ते बघा, आणि त्या आकड्यापुढे ‘उणे-अधिक ३ डेसिबल’ असं लिहिलेलं आहे का तेही बघा. ते नसेल तर आकडा सोडून द्या. एक इंच जास्त खोल स्पीकर घेतला तर भिंतीवर फरक कळत नाही, ऐकताना चांगलाच कळतो.

‘फ्लॅट पॅनल’ म्हणून बाजारात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिले खरे पडदेवाले, म्हणजे पेटीशिवाय नुसता मोठा पातळ पडदाच वाजतो असे. क्वाड कंपनीने १९५७ मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विजेच्या भाराने पडदा हलवणारा स्पीकर आणला आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाची मॅग्नेपॅन कंपनी १९६९ पासून चुंबकावरचे पडदे करते. आवाज देखणा, पण तो पुढून जितका निघतो तितकाच मागूनही निघतो, म्हणून पाठीमागे निदान तीन फूट मोकळे सोडावे लागतात. पातळ असले तरी खोलीच्या मध्येच उभे राहतात, म्हणजे फर्मान मोडलंच. इलेक्ट्रोस्टॅटिकला धूळ आणि दमट हवा सोसत नाही, आणि माळव्यात मे महिन्यात धूळ अन् ऑगस्टमध्ये ओल ठरलेली. दुसरे एक्सायटरवाले: डबीएवढं कंपनयंत्र पाठीला चिकटवायचं की अख्खी फळीच वाजते. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये हे तंत्र एनएक्सटी या नावाने पुढे आलं. तीन मिलीमीटर प्लायवर किंवा थर्मोकोलसारख्या दाट फोमच्या पाटीवर घरीही करता येतं. एक्सायटर बरोबर मध्यावर न लावता थोडा बाजूला लावायचा, नाहीतर काही सूर उगाच ठणकतात. वर चित्र रंगवलं की पाहुण्यांना पत्ता लागत नाही. सकाळच्या अभंगांना छान, पण तबला डावीकडे आणि पेटी उजवीकडे असं स्पष्ट ऐकू येत नाही. तिसरे म्हणजे नेहमीच्याच पडद्यांचे, फक्त उथळ पेटीत बसवलेले भिंतीवरचे स्पीकर. आपल्या बजेटला हेच. घेताना पेटीच्या पाठीवर हवेचं भोक नाही ना ते बघा. असलं तर भिंतीला टेकवल्यावर ते बुजतं. बंद पेटी किंवा पुढे भोक असलेली चालते.

भिंत पोखरून आत बसवायचे स्पीकर विसरा. तो सल्ला अमेरिकेतला, तिथल्या भिंती पोकळ असतात. आपली साडेचार इंची विटेची भिंत कोण फोडणार? फॉल्स सीलिंग असलं तर छतातले स्पीकर बसतात, पण मग गाणं डोक्यावरून येतं. भिंत कशाची आहे ते मात्र तपासा. रामबाग, नारायणबागेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींत कधीकधी ड्रिल फिरताच चुना भसाभस गळतो, आणि बायपासकडच्या नव्या फ्लॅटमध्ये हलके एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या विटा असतात, त्यात साधा रावल प्लग दोन दिवसांत ढिला होतो. त्याचे खास प्लग मिळतात, तेच आणा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरिंग तिथूनच गेलेलं असतं.

मग टेप घ्या. रोज बसता तिथे बसा आणि कोणाला तरी जमिनीपासून कानापर्यंतची उंची मोजायला लावा. सोफ्यावर ती सव्वातीन फुटांच्या आसपास येते, दिवाणावर कमी. स्पीकरचा वरचा छोटा पडदा, म्हणजे ट्वीटर, त्या उंचीला हवा. टीव्हीच्या वर, छताजवळ टांगलेले स्पीकर घरोघरी दिसतात, ते फक्त झाडूच्या सोयीचे. दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा, सहा-आठ फूट. पुढे नक्षीचं कापड लावायचा बेत असेल तर ते तोंडाशी धरून फुंका. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल.

अँप्लिफायरबद्दल थोडक्यात. खोक्यावरचा ‘पीएमपीओ’चा हजारोंचा आकडा वाचायचाच नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, विचारा. साधारण हॉलला दर चॅनेल तीस वॉट खूप झाले. आवाज तीन डेसिबलने वाढवायला दुप्पट वॉट लागतात, त्यामुळे तीसचे चाळीस करून काही हाती लागत नाही. स्पीकर ४ ओहमचे असतील तर अँप्लिफायरवर ४ ओहम चालतं असं छापलेलं हवं, आणि सबवूफर जोडायला मागे वेगळं सॉकेट हवं. टीव्हीच्या मागे वाकून आवाज बाहेर काढायचं सॉकेट एचडीएमआय एआरसी आहे की ऑप्टिकल, त्याचा फोटो काढून ठेवा. ब्लूटूथवर विसंबू नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

दुकानात पेन ड्राइव्हवर आपलं गाणं घेऊन जा, त्यात संथ आलाप आणि एखादी बातमीही असू द्या. निवेदकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर तो स्पीकर नको. स्पीकर फळीवर ठेवून वाजवतील, तेव्हा सरळ सांगा, ‘भाईसाहब, दीवार से सटाकर बजाइए.’ भिंतीजवळ खालचे सूर फुगतात, आणि घरी तो भिंतीलाच लागणार आहे. परतीची मुदत बिलावर लिहून घ्या. वायर नि प्लग जेल रोडवर मिळतील. दीड चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत पुरते, महागडी वायर घेऊ नका. ती विजेच्या वायरीच्या पाइपात न घालता वेगळ्या केसिंग पट्टीतून न्या आणि पट्टी भिंतीच्या रंगात रंगवून घ्या, नाहीतर पातळ स्पीकरखाली पांढरी शेपटी दिसते.

घरी आल्यावर आधी सबवूफर तुमच्या बसायच्या जागेवर, सोफ्यावरच ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल ती त्याची जागा. कोपऱ्यात जोर वाढतो, पण एखादाच सूर घुमत राहतो. शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला तो टेकवू नका. शोकेसच्या काचा खणखणल्या तर काचेखाली फेल्टच्या टिकल्या लावा आणि कपबशा थोड्या सुट्या मांडा. भिंतीत भोकं मात्र लगेच पाडू नका. स्पीकर आठवडाभर स्टुलावर, भिंतीला टेकवून वाजवा, आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोकी माळ्यावर ठेवा.