‘रिफ्लेक्स’ हा शब्द कसा उकलायचा

मी भाषांतरं करते आणि ‘रिफ्लेक्स’ दिसला की आधी थांबते. एकदा एका माहितीपत्रकात चक्क ‘प्रतिक्षिप्त कॅमेरा’ लिहून बसले होते! तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे.

आधी शब्द फोडायचा. लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे मागे, ‘फ्लेक्तेरे’ म्हणजे वाकवणं. फ्लेक्सिबल, रिफ्लेक्शन ही याचीच भावंडं. मग विचारायचं, इथे मागे काय वळतंय?

कॅमेऱ्यात प्रकाश वळतो, आतला आरसा त्याला व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो. व्याकरणात क्रिया कर्त्याकडेच येते, म्हणून ‘रिफ्लेक्सिव्ह’ला आत्मवाचक.

शरीराचं मात्र करूनच पाहा. उंच खुर्चीवर पाय लोंबते सोडून बसा. गुडघ्याच्या वाटीखाली, हाडाच्या वरच्या खोलगट जागी तळहाताच्या कडेने हलकी थाप मारा. पाय उडतो. (नाही उडाला तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढा आणि थाप दुसऱ्याला मारायला सांगा.) स्नायू ताणला गेल्याचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच हुकूम घेऊन परततो; मेंदूला कळतं ते नंतर. इथे ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ चपखल बसतं. गंमत म्हणजे ‘क्षिप्’ म्हणजे फेकणं. लॅटिनने वाकवलं, संस्कृतने फेकलं.

भाषाशास्त्रात जुन्या शब्दाच्या आजच्या रूपालाही रिफ्लेक्स म्हणतात: संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’. तिथे मी सरळ ‘आजचं रूप’ लिहिते.