टेक्निकल रायटिंग शिकवताना होणाऱ्या या चुका टाळा

हिंगणा रोडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी टेक्निकल कम्युनिकेशन शिकवते. वर्गात ६० पोरं, त्यातली कितीतरी वर्धा, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून आलेली, आणि स्टाफरूममध्ये दरवर्षी तेच ऐकू येतं की या पोरांना लिहिता येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. हीच पोरं दिवसभर व्हॉट्सॲपवर लिहितात आणि समोरच्याला बरोबर समजतं. वर्गात गाडी अडते कारण तिथे त्यांचं लिहिलेलं वाचून कोणाला काही करायचं नसतं, फक्त मार्क द्यायचे असतात, आणि मार्क देणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

वाचणारा न देता विषय देणं

"राइट इन्स्ट्रक्शन्स फॉर एनी डिव्हाइस" असा प्रश्न मीही द्यायचे, तो देऊ नका. एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर निघतात, तर मी आता सांगते, तुमच्या रूमवर नवीन पोरगा आलाय, त्याने आयुष्यात कूलर लावलेला नाही, तुम्ही घरी नाही, त्याच्यासाठी एक पान लिहून ठेवा. पहिल्या ड्राफ्टमध्ये हमखास "कूलर इज अ डिव्हाइस विच" येतं, मग बाष्पीभवनाचं तत्त्व, मग गवत बदला, टाकी भरा, पंप लावा, आणि एकदम तळाशी "पाणी भरताना पिन काढलेली असावी".

मग पानं अदलाबदल करायची. डिपार्टमेंटचा जुना कूलर वर्गात आणते, मेन स्विच मी स्वतः आधीच बंद करून ठेवते (ही गोष्ट विसरू नका), आणि दुसऱ्या ग्रुपने फक्त कागदावर आहे तेवढंच करायचं, डोकं लावायचं नाही. मागच्या वेळी एका पोराने पिन बोर्डात तशीच ठेवून बादली उचलली तर मागून दोघं ओरडले, "अबे पहिले पिन काढ ना!" आणि ज्याने ते पान लिहिलं होतं तो म्हणाला, "मॅडम, थे मी खाली लिहिलं आहे." मी त्याला एवढंच विचारलं की खाली वाचेपर्यंत त्याच्या हातात काय होतं. वर्ग गप्प झाला. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, महावितरण दरवर्षी सांगते की आधी बंद करा, पिन काढा, मग पाणी भरा, म्हणजे हे उदाहरण पुस्तकी नाहीच. धोक्याची सूचना त्या स्टेपच्या आधी हवी, हे मी तोवर तीन लेक्चर सांगितलं होतं, डोक्यात शिरलं ते त्या बादलीमुळे.

त्याच पानावर "सफिशिएंट वॉटर" असं होतं. सफिशिएंट म्हणजे किती? पंप पाण्यात बुडेल इतकं. कोरडा पंप चालवला तर जळतो. बादल्या मोजून लिहा नाहीतर टाकीवर रेघ ओढा, पण वाचणाऱ्याला अंदाज करायला लावू नका.

फॉरमॅट म्हणजेच रायटिंग समजणं

पोरं बुटीबोरीच्या कंपनीत इंटर्नशिपसाठी मेल करतात, विषयाची जागा रिकामी, आणि सुरुवात "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट". हे त्यांनी मनाने आणलेलं नाही, शाळेपासून आपणच पाठ करून घेतलंय. एचआरवाला तो मेल मोबाईलवर उघडतो, त्याला पहिल्या दोन ओळींत कोण, कोणतं वर्ष, कोणत्या तारखेपासून किती आठवडे, एवढंच हवं असतं. मी पोरांना एकमेकांचे मेल फोनवर उघडायला लावते आणि स्क्रोल न करता जे दिसलं तेवढं सांगायला सांगते. रिझ्युमेच्या फाइलचं नाव "न्यू फायनल ३" का नको, हेही तिथेच कळतं.

सगळीकडे लाल पेन फिरवणं

सगळ्यात जास्त वेळ आपण इथे घालवतो आणि सगळ्यात कमी फायदा इथेच होतो. ज्या पोराने बारावीपर्यंत मराठीत शिक्षण घेतलंय त्याच्या पानावर चाळीस लाल खुणा केल्या की तो पुढच्या वेळी लहान लहान, सुरक्षित, कुठून तरी उचललेली वाक्यं लिहितो. एका वेळी एकच गोष्ट धरा. आणि आधी तोंडी सांगू द्या, मराठीत, वऱ्हाडीत, हिंदीत, जशी येईल तशी. भंडाऱ्याकडची एक पोरगी लॅब रिपोर्टमध्ये अडली होती, मी म्हटलं इंग्लिश सोड, काय झालं ते सांग, तर म्हणाली, "पहिले रीडिंग बरोबर येत होतं मॅडम, मग वायर ढिली झाली तं कमी कमी येऊ लागलं." हाच तिचा रिझल्ट सेक्शन होता! कारण, परिणाम, क्रम, सगळं बरोबर, इंग्लिशचं काम त्यानंतर दहा मिनिटांचं.

पॅसिव्ह व्हॉइसचंही तसंच. "टेक्निकल म्हणजे पॅसिव्ह" हा नियम आपण इतका घट्ट बसवलाय की पोरं "द व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड" लिहितात आणि कोणी बंद केला ते गायब. रिपोर्टमध्ये चालतं, शिफ्टच्या लॉगबुकात चालत नाही.

व्हिजिट रिपोर्टमध्ये सगळं मागणं

कोराडीच्या वीज केंद्राची व्हिजिट झाली की सगळे रिपोर्ट "कोराडी इज लोकेटेड" पासून सुरू, मग ६६० मेगावॉटचे तीन युनिट, मग कोळशापासून विजेपर्यंत अख्खी साखळी, जी नेटवर आहेच. त्याऐवजी म्हणा, पुढच्या वर्षी जाणाऱ्या ज्युनिअरसाठी लिहा: तिथे काय बघून पुस्तकातली कोणती गोष्ट उलगडली आणि काय विचारायचं राहून गेलं. एकदम वेगवेगळं लिखाण येतं.

स्लाइड म्हणजे रिपोर्ट असं चालवून घेणं

इथे मी नासाच्या कोलंबिया अवकाशयानाची गोष्ट सांगतेच, कारण कल्पना चावलाचं नाव पोरांना माहीत असतं. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअर लोकांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं, आणि खरी गोष्ट तळाशी बारीक अक्षरात: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं, सातही जण गेले. अपघाताचं कारण फोमने पंखाला पडलेलं भोक होतं, स्लाइड नव्हे, हे वर्गात स्पष्ट सांगा. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्या स्लाइडवर बोट ठेवलं आणि टेक्निकल पेपरच्या जागी स्लाइड वापरायच्या सवयीवर टीका केली. मी ते आकडे फळ्यावर लिहिते आणि विचारते, तुम्ही शीर्षक काय दिलं असतं?

टक्केवारीच्या मागे लागणं

यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, मग पोरांचं सगळं लक्ष तो आकडा खाली आणण्यात. शब्द बदलणारं टूल लावतात आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं "काउंटरफीट कॉन्शसनेस" होतं, असले शब्द छापून आलेल्या पेपरांतही सापडलेत. आकडा सोडा, पोराला समोर बसवा, कागद पालथा घालायला लावा आणि तोच परिच्छेद तोंडी सांगायला सांगा. चॅटजीपीटीलाही माझा हाच उपाय, शिवाय विषय असा द्यायचा की लागणारी माहिती त्यांच्या स्वतःच्या रीडिंगमध्ये किंवा त्या जुन्या कूलरमध्येच असेल. बंदी घालून बघितली, पोरं फक्त लपवायला लागली.

फायनल कॉपीच तपासणं

६० ड्राफ्ट, प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे पाच तास, आणि असे तीन वर्ग असतील तर कोणाला जमणार. मी पहिल्या ड्राफ्टचा फक्त पहिला परिच्छेद वाचते आणि एकच प्रश्न लिहिते, बाकीचं अदलाबदलीत पोरं एकमेकांचं बघतात. मार्क दुसऱ्या ड्राफ्टला, तेही काय बदललं आणि का बदललं यावर. त्या "खाली लिहिलं आहे" वाल्या पोराच्या दुसऱ्या पानावर कूलरची व्याख्या नव्हती, बाष्पीभवन नव्हतं. पहिलीच ओळ होती, ठळक अक्षरात: "पिन बोर्डातून काढ. काढली? मग पुढे वाच."