क्योटोत नोव्हेंबरला जाताय? आधी इनारी, मग तोफुकुजी

पानं लाल होतात तेव्हा दहानंतर कुठल्याही देवळात नुसती डोकी दिसतात, म्हणून फुशिमी इनारी हे डोंगरावरचं देवस्थान सकाळी सहालाच उरका, ते 24 तास उघडं असतं आणि तिकीट शून्य.

1. क्योटो स्टेशनवरून नारा लाइनची लोकलच पकडा, दुसरंच स्टेशन इनारी. घाईत रॅपिडमध्ये चढलात तर ती इनारीला न थांबता पुढे पळते (आमचं झालंय).
2. लाल तोरींखालून (देवळाच्या कमानी) योत्सुत्सुजी या वाटेतल्या चौकापर्यंत चढा, खाली अख्खं शहर दिसतं, तिथून परत फिरलं तरी चालतं.
3. येताना एक स्टेशन अलीकडे तोफुकुजीला उतरा, तिथल्या तोफुकुजी देवळातली मेपलची दरी बघा, होजोची (मठाधिपतींच्या निवासाची) बाग सोडू नका, दगड आणि शेवाळाचे बुद्धिबळासारखे चौकोन आहेत.

फक्त गर्दीच्या दिवसांत तोफुकुजीतल्या पुलावर फोटोला मनाई असते, मोबाइल खिशातच ठेवा.